ओळ मोडते तिथे: इंग्रजी कविता डोळ्यांनी वाचताना

मागच्या पावसाळ्यात भाचीचा मेसेज आला. ती अकरावीत आहे. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी एक इंग्रजी कविता टाइप करून टाकली होती, तीच तिनं मला पुढे पाठवली. देवनागरीत लिहायची तर अशी: 'सो मच डिपेंड्स अपॉन अ रेड व्हील बॅरो ग्लेझ्ड विथ रेन वॉटर बिसाइड द व्हाइट चिकन्स.' खाली तिचा प्रश्न होता, "मावशी, यात कविता कुठंय? हे तर नुसतं एक वाक्य आहे."

तिचं काही चुकलं नव्हतं. पांढऱ्या कोंबड्यांच्या शेजारी एक लाल ढकलगाडी उभी आहे, पावसाच्या पाण्यानं तिच्यावर झिलई चढली आहे आणि तिच्यावर किती काही अवलंबून आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. शब्द सगळे जागच्या जागी होते, एकही गळला नव्हता. तरी कविता तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती, कारण टाइप करणाऱ्यानं ओळी काढून टाकल्या होत्या. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं. वहीचं एक पान घेतलं, कविता मूळच्यासारखी लिहिली आणि फोटो काढून पाठवला.

सो मच डिपेंड्स
अपॉन

अ रेड व्हील
बॅरो

ग्लेझ्ड विथ रेन
वॉटर

बिसाइड द व्हाइट
चिकन्स

विल्यम कार्लोस विल्यम्स या अमेरिकन कवीची ही कविता. न्यू जर्सीतल्या रुदरफर्ड गावात तो डॉक्टरकी करायचा. १९२३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिला नावसुद्धा नव्हतं, नुसता क्रमांक होता. सोळा शब्द, चार कडवी. प्रत्येक कडव्यात वर तीन शब्द आणि खाली एक.

आता ती ज्या क्रमानं डोळ्यांसमोर येते तो क्रम पाहा. 'किती काही अवलंबून आहे' असं म्हणून ओळ थांबते. खाली एकटाच 'अपॉन', म्हणजे 'वर'. कशावर? उत्तर लगेच मिळत नाही, मध्ये एक रिकामी ओळ ओलांडावी लागते. पलीकडे 'अ रेड व्हील', एक लाल चाक. क्षणभर डोळ्यांसमोर खरोखर नुसतं चाक उभं राहतं. खालच्या ओळीवर आल्यावर कळतं की ते ढकलगाडीचं चाक आहे. व्हीलबॅरो हा इंग्रजीत एकच शब्द, पण कवीनं तो मधोमध तोडला आणि त्यातलं चाक आपल्याला वेगळं काढून दाखवलं. पुढे 'रेनवॉटर'चं तेच. आधी पाऊस दिसतो, मग त्याचं साचलेलं पाणी. आणि 'व्हाइट'वर ओळ संपते तेव्हा पांढरा रंग अजून कोणत्याच वस्तूचा नसतो. लालच्या शेजारी पांढरा, एवढंच. मग त्या रंगाला पाय फुटतात आणि कोंबड्या येतात.

वरची ओळ लांब आणि खालची आखूड असल्यामुळे काही वाचकांना प्रत्येक कडव्याच्या आकारातच छोटी ढकलगाडी दिसते. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. पण एवढं नक्की की सलग वाक्य आपण दोन-तीन सेकंदांत वाचून टाकतो, आणि ओळी मोडल्यावर तेच सोळा शब्द आपल्याला एकेका वस्तूपाशी थांबवत नेतात. चित्रकार एकेक रंग लावत जातो तसं. पानावरची मोकळी जागा इथे वेळ मोजायचं काम करते आहे.

याचा मराठी अनुवाद करून पाहा, म्हणजे गंमत आणि अडचण दोन्ही कळतील. आपला 'वर' हा शब्दयोगी. तो 'गाडीवर' असा नामाला चिकटूनच येणार, एकटा ओळीत लटकत राहणार नाही. शिवाय आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे 'अवलंबून आहे' सरळ खाली घसरतं आणि कोंबड्या सुरुवातीला येतात. शब्दांचा अर्थ मराठीत सहज उतरतो, वाट पाहायला लावणारा क्रम उतरत नाही. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, मग कर्म अशी रांग घट्ट असते. म्हणूनच ती रांग मध्ये तोडली की वाचकाचा पाय हवेत राहतो, आणि इंग्रजी कवी याच गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतात.

मुळात गद्य आणि पद्य यांत डोळ्यांना दिसणारा फरक एकच. गद्याची ओळ कुठे संपेल ते कागदाची रुंदी ठरवते. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल तर ओळी एका जागी मोडतील आणि संगणकावर दुसऱ्या जागी. त्यानं अर्थाचं काही बिघडत नाही. कवितेची ओळ कुठे संपेल ते कवी ठरवतो. समासापर्यंत जागा शिल्लक असताना तो थांबतो, म्हणजे त्या थांबण्यामागे काहीतरी कारण असणार, असं धरून आपण वाचायला लागतो.

हे नेहमीच असं नव्हतं. जुन्या इंग्रजीतलं सर्वांत प्रसिद्ध काव्य म्हणजे बेवुल्फ, तीन हजारांहून जास्त ओळींचं. त्याचं हजार वर्षांपूर्वीचं एकमेव हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते उघडून पाहिलं तर कवितेच्या ओळी वेगळ्या दिसतच नाहीत. या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग मजकूर. ज्यांनी आजोबांची पोथी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पोथीतही ओव्या सलगच लिहिलेल्या असतात, चरण कुठे संपला ते मधल्या दंडावरून कळतं, आणि वाचणाऱ्याला तर दंडाचीही गरज पडत नाही, कारण चाल कानात बसलेली असते. बेवुल्फचंही तसंच होतं. प्रत्येक ओळीत ठरावीक आघात आणि एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या शब्दांचा अनुप्रास, एवढ्यावरून कान ओळ ओळखायचा. शिवाय चर्मपत्र महाग, त्यावर मोकळी जागा सोडणं परवडणारं नव्हतं.

पुढच्या शतकांत ओळी वेगळ्या लिहायची पद्धत रुजली, छापखाना आला, कागद स्वस्त झाला. कवितेला पानावर एक बांधा आला. यमक जुळणाऱ्या ओळी सारख्याच अंतरावरून सुरू करायच्या, म्हणजे नात्यातल्या ओळी डोळ्यांना आधीच कळतात. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ साली छापली गेली त्यात चौदांपैकी शेवटच्या दोन ओळी थोड्या आत सरकवलेल्या आहेत. शब्द वाचण्याआधीच पानावरून कळतं की इथे बोलणं वळणार आहे.

शेक्सपिअरच्याच 'मॅकबेथ' नाटकात हेच दुसऱ्या तऱ्हेनं दिसतं. राजाचा खून करून मॅकबेथ परत येतो. तो आणि त्याची बायको, दोघंही भेदरलेले. त्यांचे चार तुटक उद्गार आजच्या पुस्तकांत असे छापतात:

डिड नॉट यू स्पीक?
          व्हेन?
               नाउ.
                    ॲज आय डिसेंडेड?

'तुम्ही बोललात ना?' 'कधी?' 'आत्ता.' 'मी उतरत होतो तेव्हा?' हे चारही तुकडे मिळून छंदाची एकच ओळ होते, म्हणून पुढचा तुकडा मागचा संपला त्याच्या खालून सुरू केला आहे. १६२३ च्या जुन्या छापील प्रतीत चारही उद्गार डावीकडे एकाखाली एक आहेत. ही पायऱ्यांची मांडणी नंतरच्या संपादकांची. पण नटाला ती लगेच सांगते की मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, एकाचं वाक्य संपताच दुसऱ्यानं बोलायचं आहे.

ओळीच्या टोकाला काय ठेवायचं याचं भान मिल्टनइतकं फार थोड्यांना असेल. पॅरडाइज लॉस्ट हे महाकाव्य १६६७ साली आलं, त्यात यमक नाही. वाक्यं एका ओळीतून दुसरीत वाहत जातात. पहिलंच वाक्य सोळा ओळींचं आहे आणि त्याचं मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येतं. अशा ओलांडण्याला एन्जाम्बमेंट म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द, त्यात पाय आहे, तंगडी टाकून पलीकडे जाणं आहे. पहिली ओळ अशी: 'ऑफ मॅन्स फर्स्ट डिसओबीडिअन्स, अँड द फ्रूट'. माणसानं केलेली पहिली आज्ञामोडणी आणि तिचं फळ. मराठी वाचकाला हे समजावून सांगावंच लागत नाही, कारण आपल्याकडेही केल्या कर्माचं फळ मिळतं. ओळ तिथेच संपते आणि आपण 'फळ' म्हणजे परिणाम असं धरून चालतो. पाय पुढच्या ओळीत पडतो आणि तिथे झाड असतं: 'ऑफ दॅट फॉरबिडन ट्री'. मनाई केलेल्या झाडाचं खरोखरचं, हातात धरता येईल असं फळ. दोन्ही अर्थ एकाच शब्दात होते. ओळ मोडल्यामुळे ते एकामागून एक उलगडले. मनाईचं फळ आणि त्या फळाचं फळ: सगळं महाकाव्य पहिल्या ओळीच्या टोकावर लटकलेलं आहे.

पुढच्या शतकात डॉक्टर जॉन्सन या इंग्रज समीक्षकानं मिल्टनचं चरित्र लिहिताना एका टीकाकाराचं मत नोंदवलं, की बिनयमकाची ही कविता फक्त डोळ्यांपुरतीच कविता वाटते. मला हे वाक्य फार विचार करायला लावतं, कारण हे महाकाव्य आकाराला येत होतं तेव्हा मिल्टन पूर्ण आंधळा होता. तो तोंडानं सांगायचा आणि दुसरं कुणीतरी उतरवून घ्यायचं. ज्या ओळी त्यानं कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यावर फक्त डोळ्यांसाठी असल्याचा आक्षेप! माझ्या मते यातून एवढंच कळतं की ओळीचं टोक कानालाही ऐकू येतं. वाचणाऱ्याचा आवाज तिथे किंचित रेंगाळतो, आणि पानावरची मोकळी जागा त्या रेंगाळण्याची खूण असते.

काही कवींनी याच्याही पुढे जाऊन ओळींचंच चित्र केलं. जॉर्ज हर्बर्ट हा सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन गावचा धर्मगुरू, १६३३ साली चाळिशीच्या आत वारला. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं. त्यातली 'ईस्टर विंग्ज', म्हणजे ईस्टरचे पंख, ही कविता आडवी छापली होती. पुस्तक फिरवून धरल्याशिवाय ती वाचता येत नव्हती, आणि न फिरवता पाहिलं तर समोर पंखांच्या जोड्या दिसत होत्या. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा पुस्तक हातात फिरवताना वाटलं की ही हालचालसुद्धा कवितेचाच भाग आहे.

दोन कडवी, प्रत्येकात दहा ओळी. पहिल्या ओळीत दहा अवयव, म्हणजे सिलॅबल. दुसरीत आठ, मग सहा, चार, आणि पाचवीत फक्त दोन. सहावीत पुन्हा दोन, मग चार, सहा, आठ, दहा. पहिल्या कडव्याचा आशय असा: देवा, तू माणसाला भरभरून संपत्ती देऊन घडवलंस, मूर्खपणानं त्यानं ती गमावली, खंगत खंगत तो अगदी दरिद्री झाला. 'मोस्ट पुअर' हे दोन शब्द येतात ते कडव्याच्या सर्वांत अरुंद जागी. सगळं गेलं तेव्हा ओळीजवळही काही उरलेलं नाही. लगेच खाली 'विथ दी', तुझ्यासह, आणि इथून ओळी पुन्हा रुंदावू लागतात: मला चंडोलासारखं वर उडू दे, गाऊ दे. शेवटच्या ओळीत तो म्हणतो की मग माझं पडणंच माझ्या उडण्याला बळ देईल. दुसऱ्या कडव्यात हाच प्रवास त्याच्या स्वतःच्या आजारपणाचा होतो आणि अरुंद जागी शब्द येतात 'मोस्ट थिन', अगदी कृश.

आपल्याकडे संस्कृतात पद्मबंध, खड्गबंध असे चित्रबंध होते. कमळाच्या पाकळ्यांत अक्षरं अशी बसवायची की मधलं अक्षर सगळ्या पाकळ्यांना सामाईक. त्यातलं कौशल्य थक्क करणारं आहे. हर्बर्टचं वेगळेपण असं की इथे आकार आशयातूनच निघतो. पंख काढायचे म्हणून ओळी लहानमोठ्या केल्या असं कुठे वाटत नाही; खंगणं आणि भरून येणं घडतं, आणि त्या घडण्याचा आकार पंखासारखा होतो. १७११ साली जोसेफ ॲडिसन या इंग्रज निबंधकारानं अशा आकृतीच्या कवितांना खोटी चतुराई म्हटलं होतं. बऱ्याच आकृतिकवितांबद्दल मी त्याच्याशी सहमत होईन, या एका कवितेबद्दल कधीच नाही.

आता मला सगळ्यांत जवळची वाटणारी कविता. ग्वेंडोलिन ब्रुक्स शिकागोत राहायची. १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक. 'वी रिअल कूल' ही तिची कविता १९५९ साली एका मासिकात आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकात. शाळा बुडवून पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या अड्ड्यावर खेळत बसलेली सात मुलं. अड्ड्याचं नाव गोल्डन शॉव्हल, सोनेरी फावडं. कविता चोवीस शब्दांची, प्रत्येक शब्द एका सिलॅबलचा. सुरुवात अशी:

वी रिअल कूल. वी
लेफ्ट स्कूल. वी

आम्ही एकदम भारी. आम्ही शाळा सोडली. (इथे अनुवादकाला 'आपण' आणि 'आम्ही' यांतून निवड करावी लागते. 'आम्ही'च हवं, कारण ही मुलं ऐकणाऱ्याला आपल्यात धरत नाहीत.) व्याकरणानं पाहिलं तर प्रत्येक 'वी' पुढच्या वाक्याचा कर्ता आहे, त्याची जागा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. तसं छापलं असतं तर काय झालं असतं ते मोठ्यानं म्हणून पाहा. प्रत्येक ओळ 'वी'नं दणक्यात सुरू होते, कूल-स्कूल असं यमक ओळीच्या टोकाला खणखणीत वाजतं. छाती पुढे काढून चाललेल्या पोरांचं गाणं होतं ते.

ब्रुक्सनं 'वी' मागच्या ओळीच्या टोकाला नेऊन ठेवला. एका शब्दाची जागा सरकली आणि सगळा आवाज बदलला. यमक ओळीच्या आत दबलं. वाक्य पूर्णविरामानं संपतं, त्यानंतर 'आम्ही' म्हणून मूल थांबतं, पुढे काय म्हणायचं ते जणू शोधतं, मग खालच्या ओळीवर उतरून सांगतं. आम्ही... कोण आहोत आम्ही? हा 'वी' हळू आवाजात म्हणायचा, असं ब्रुक्सनं स्वतः सांगून ठेवलं होतं. फुशारकीच्या खालची भीती तिनं एकाही शब्दात लिहिलेली नाही. ती ओळ मोडण्याच्या जागेत आहे.

सात ओळींच्या टोकाला सात वेळा 'वी' येतो. आठवी, शेवटची ओळ फक्त दोन शब्दांची: 'डाय सून.' लवकर मरतो. तिच्या पुढे 'वी' नाही. सात ओळींमुळे डोळ्यांना सवय लागलेली असते, ते उजवीकडे सरकतात आणि तिथे कोरा कागद असतो. मुलं तिथून नाहीशी झालेली असतात. भाचीला मी ही कविता फोनवर वाचून दाखवली तेव्हा ती 'अगं' म्हणून गप्प झाली, आणि लगेच म्हणाली, "मला पान पाठव."

टाइपरायटर आल्यावर कवींच्या हातात छापखान्याचीच ताकद आली. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे कुठे किती अंतर सोडायचं ते स्वतः नेमकं ठरवता येऊ लागलं. चार्ल्स ओल्सन या कवीनं १९५० साली एका निबंधात लिहिलं की टाइपरायटरमुळे कवी आपला श्वास आणि थांबे संगीताच्या लिपीसारखे पानावर नोंदवू शकतो. या यंत्राचा सर्वांत नाजूक उपयोग मात्र ई. ई. कमिंग्जनं केला. १९५८ सालची त्याची एक कविता आहे, चार शब्दांची. शब्द असे: 'अ लीफ फॉल्स', एक पान गळतं, आणि 'लोनलिनेस', एकाकीपण. पान गळण्याचं वाक्य त्यानं कंसात घातलं आणि तो कंस 'लोनलिनेस' या शब्दाच्या पोटात, पहिल्या अक्षरानंतर ठेवला. मग सगळ्याचे बहुतेक एकेक, दोनदोन अक्षरांचे तुकडे करून नऊ ओळींत उभे सोडले. डोळे पान गळावं तसे खाली उतरतात. मध्येच एका ओळीतली दोन अक्षरं पुढच्या ओळीत उलट्या क्रमानं येतात. पानानं हवेत घेतलेली गिरकी ती.

खरी हात लावून पाहण्यासारखी गोष्ट पुढे आहे. 'लोनलिनेस' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगच्या आतच 'वन', म्हणजे एक, दडलेला आहे, आणि तो शब्द फोडल्यावर कवितेत त्याला स्वतंत्र ओळ मिळते. त्याच्या खाली 'ल' उच्चाराचं एकटं रोमन अक्षर. टाइपरायटरवर ते अक्षर आणि इंग्रजी एकचा आकडा सारखेच दिसत. कित्येक यंत्रांना एकसाठी वेगळी कळच नसायची. म्हणजे एक, पुन्हा एक, आणि सबंध कविताही एकच्या आकड्यासारखी सडपातळ उभी. ही कविता मोठ्यानं वाचताच येत नाही. आणि मराठीत तर ती आणताच येणार नाही, कारण आपला 'ल' आपल्या १ सारखा दिसत नाही. एखाद्या कवितेचा अर्थ अक्षरांच्या आकारात इतका गुंतलेला असू शकतो, हे कळल्यावर मला तिच्याबद्दल एक प्रकारची हळहळ वाटते.

भाचीनं मग रास्त प्रश्न विचारला. "म्हणजे कुठेही एंटर मारला की कविता होते का?"

नाही होत. प्रत्येक मोकळ्या जागेत अर्थ असतोच असंही नाही. एमिली डिकिन्सनचंच पाहा. जवळपास अठराशे कविता हातानं लिहून ती १८८६ साली गेली. चार वर्षांनी पहिलं पुस्तक निघालं त्यात संपादकांनी तिच्या त्या प्रसिद्ध आडव्या रेघा काढून नेहमीची विरामचिन्हं घातली, कवितांना नावं दिली, काही शब्दही बदलले. १९५५ साली नवी आवृत्ती आली तेव्हा रेघा परत आल्या आणि लोकांना वेगळीच कवयित्री भेटली: वाक्य अर्धवट सोडून श्वास रोखणारी. इतक्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण तिच्या हस्तलिखितांत ओळ मध्येच मोडून खाली जाते, ती तिनं मुद्दाम मोडली की कागदाची कड आली म्हणून? तिनं कित्येकदा पाकिटांच्या फाटक्या तुकड्यांवरही लिहिलं आहे. अभ्यासक यावर भांडत आले आहेत. मला वाटतं काही ठिकाणी नुसता कागदच संपला असणार, आणि तिथे अर्थ शोधत बसू नये.

मी स्वतः एक साधी कसोटी वापरते. कविता सलग गद्यासारखी लिहून काढायची आणि वाचायची. काही हरवल्यासारखं वाटलं नाही, तर त्या ओळी मोडण्यात फारसं काही नव्हतं. हरवलं, तर नेमकं कुठे हरवलं ते शोधायचं. तिथेच कवीनं काम केलेलं असतं. मेसेजमध्ये आलेली ती ढकलगाडी म्हणजे नकळत झालेली हीच कसोटी होती.

फोनच्या पडद्यावर आणखी एक घोटाळा होतो. वॉल्ट व्हिटमनच्या ओळी फार लांब असतात. तो स्वतः छापखान्यात वाढलेला, १८५५ साली ब्रुकलिनमध्ये त्याचं पुस्तक छापलं जात होतं तेव्हा काही पानांचे खिळे त्यानं स्वतः जुळवले. ओळ पानात मावली नाही तर उरलेला भाग खाली थोडा आत सरकवून छापायचा, म्हणजे वाचकाला कळतं की ही नवी ओळ नाही, जुनीचंच शेपूट आहे. फोनवर ही सोय बऱ्याचदा नसते. अक्षर मोठं केलं की ओळी भलतीकडेच मोडतात, आणि वाचणारा प्रत्येक तुकड्यापाशी उगाच थांबतो. म्हणून फोनवर कविता विचित्र तुटलेली दिसली तर आधी तो आडवा धरून पाहावा.

आपल्या घराजवळचं उदाहरण द्यायचं तर अरुण कोलटकरांचं. जेजुरी हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ सालचा. कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होते, पानावर कुठली गोष्ट कुठे बसेल याची जाण हा त्यांचा रोजचा धंदा होता. जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेवरची एक कविता त्यात आहे. ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारत नाचताहेत, आणि वर-खाली या अर्थाचे इंग्रजी शब्दही पानावर तसेच उडताना दिसतात. हे पान भाचीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "या कोंबड्या तुझ्या त्या पांढऱ्या कोंबड्यांपेक्षा भारी आहेत."

मी तिला त्याच पुस्तकातली उंबरठ्यावरची कविता काढून दिली. चारच ओळी. देवळात शिरताना कुणीतरी म्हणतं, हा उंबरठा नाही. हा आडवा पडलेला खांब आहे. मग एक रिकामी ओळ. त्याखाली एकटा शब्द, 'येस'. आणि शेवटी, हो, तोच आहे. भाचीनं रिकाम्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय होतं?"

इथे तो माणूस पाय उचललेला तसाच ठेवून, खाली वाकून नीट पाहतो.